चंद्राक्काची धाप

या कार्यक्रमातून आपल्या पदरात काय पडणार, याचा हिशेब भूपाल शेडबाळे ऊर्फ अण्णा यांनी आधीच मांडून ठेवला होता. एक शाल, तशा कपाटात चौदा होत्या आणि एक तर मिक्सरवर झाकण म्हणून घातली होती. एक नारळ, तो दुसऱ्या दिवशी आमटीत जायचा. एवढ्यासाठी चौऱ्याहत्तराव्या वर्षी सांगलीहून कोल्हापूरपर्यंत हाडं खिळखिळी करून घ्यायला अण्णा काही खुळे नव्हते. खरी मिळकत तिसरी होती. कार्यक्रमाचं नाव ‘आपलीच फिरकी’. पाच नामांकित लेखक-कलावंतांनी स्टेजवर यायचं आणि आपल्याच गाजलेल्या शैलीची टर उडवायची. आपल्याला आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याला हसायला काही शिल्लक राहत नाही. वर ‘काय मोकळा माणूस!’ हे बिरुद मिळतं ते वेगळंच. आणि खर्च? काही नाही. शैली आपली, टरही आपलीच. घरची म्हैस, घरातच दूध.

अण्णांची शैली अख्ख्या जिल्ह्याला पाठ होती. बावीस वर्षं रेडिओवर रोज संध्याकाळी सात मिनिटं ‘बांधावरच्या गप्पा’ लागायच्या. रामतात्या आणि चंद्राक्का बांधावर बसून पीकपाण्याचं बोलायचे. लिहायचे अण्णा, तात्याही तेच व्हायचे. चंद्राक्का व्हायच्या लीलावती कणंगले. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. चंद्राक्का दोन शब्द बोलायची, थांबायची, पुन्हा दोन शब्द बोलायची, आणि मधल्या रिकाम्या जागेत तात्या ‘हं’ म्हणायचा. “तात्या… पाऊस यील.” “हं.” “पर आपली माती…” “हं, आक्का.” “…जाग्यावर हाय का?” या थांबण्यावर लोकांनी लेख लिहिले. पुस्तक झालं, पुरस्कार झाला. मुलाखतीत कोणी विचारलं, अण्णा, ही लय तुम्हाला सापडली कुठं, की अण्णा क्षणभर खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, “मातीत.”

गेल्या रविवारी सांगलीत पहिला प्रयोग झाला. अण्णांनी दोन्ही आवाज एकट्यानं काढले. विषय काय, तर आक्काला एवढंच सांगायचंय की चहात साखर नाही. ते तीन शब्द सांगायला तिला दोन मिनिटं लागतात. ती छाती धरते, धापा टाकते, ‘च… च…’ करते आणि तात्या म्हातारा होईपर्यंत ‘हं, हं’ करत राहतो. नाट्यगृह डोक्यावर घेतलं लोकांनी. तिसऱ्या रांगेत लीलाबाईंची मुलगी मृदुला तोंडावर हात धरून बसली होती. हसू दाबतेय, असं अण्णांना स्टेजवरून वाटलं. कार्यक्रम संपल्यावर ती विंगेत आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “काका, आईची धाप हुबेहूब जमली तुम्हाला.”

म्हणाली आणि गेली. चहालासुद्धा थांबली नाही.

त्या दिवसापासून अण्णांना जेवण गोड लागेना. आज दुपारी आयोजक चौगुलेचा फोन आला, “अण्णा, साडेचारला गाडी घेऊन येतो. आणि ते धापेचं जरा वाढवा हं आज. कोल्हापूरकर उचलून धरणार बघा!” अण्णा “बघू” म्हणाले आणि संहितेचे अकरा कागद छातीवर घेऊन कॉटवर आडवे झाले. बायको बस्तीत दर्शनाला गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. पंखा फिरतोय. त्याचा घरघर आवाज हळूहळू पातळ होत जातो, पार दूर जातो, आणि मग येतच नाही. एवढी शांतता अण्णांना एकाच जागेची ठाऊक आहे.

“शेडबाळे, चपला बाहेर.”

अण्णा खाली बघतात. पायात खरंच चपला आहेत. ते त्या काढतात आणि जाड दार ढकलून रेडिओच्या स्टुडिओत येतात. भिंतींना तीच भोकाभोकांची पांढरी फळकुटं. टेबलाच्या पलीकडे लीलाबाई. हिरव्या काठाची साडी, गालात ज्येष्ठमधाची काडी. पुढ्यात अकरा कागद, आणि त्या एकेका कागदाचा खालचा उजवा कोपरा दुमडून उभा करताहेत. ही त्यांची जुनी सवय. उभा कोपरा चिमटीत धरला की पान आवाज न करता उचलता येतं, माइकमध्ये कागद वाजत नाही. अण्णांना हे बावीस वर्षांत जमलं नाही. त्यांचीही पानं बाईच दुमडायच्या.

“बाई, तुम्ही तर…”

“गेले. ठाऊक आहे मला. बसा.”

अण्णा बसतात. खुर्चीच्या जागी सिमेंटचा बाक आहे. शेजारी एक बाई कोंबडीची टोपली घेऊन बसली आहे, पलीकडे एक म्हातारा युरियाच्या पोत्यावर. मिरजेचा एसटी स्टँडच आहे हा. पण भिंतींना ती भोकांची फळकुटं आहेतच आणि मधोमध माइकही उभा आहे. स्टँडवरची सगळी माणसं, जुना कार्यक्रम लागायच्या वेळी बसावीत तशी, कान देऊन बसली आहेत.

“वाचू या?” बाई विचारतात.

“राहू दे ना. हे आपलं उगीच… गंमत होती.”

“मग गंमतच वाचू. चंद्राक्का मी, म्हणजे वाक्य माझंच.” त्या कागद उचलतात. आवाज होत नाही. माइककडे तोंड करतात आणि सरळ, एका दमात म्हणतात, “तात्या, चहात साखर न्हाई.”

कोणी हसत नाही. टोपलीतली कोंबडी मान वळवून बघते.

“झालं?” बाई विचारतात.

“झालं.”

“एवढ्यावर दोन मिनिटं हसली माणसं?”

“तसं नाही बाई. तिथं मध्ये थांबायचं असतं.”

“का?”

अण्णा दुमडलेल्या कोपऱ्यांकडे बघतात.

“मला आता थांबावं लागत नाही, शेडबाळे. अख्खा पाढा म्हणून दाखवू? एकोणतीसचा?” आणि त्या खरोखरच म्हणू लागतात. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, झरझर, शाळेतल्या पोरीसारखा, कुठंही न अडता. शेवटी “दाहे दोनशे नव्वद” म्हणून टेबलावर हात आपटतात आणि हसतात. हे हसू अण्णांनी कधी ऐकलेलं नाही. जिवंतपणी त्यांना मोठ्यानं हसवायचं नाही, असा अण्णांचा नेम होता. हसल्या की खोकला लागायचा.

टेबल आता स्वयंपाकाच्या ओट्याएवढं उंच झालं आहे. बाईंचंच घर, अण्णा इथं कोरा चहा प्यायलेत. ओट्यावर दुधाच्या भांड्याशेजारी वाफ घ्यायचं पातेलं आणि टॉवेल.

“आठवतंय? इथंच ठरलं होतं आपलं,” बाई म्हणतात. “तुम्ही तीन ओळींचं वाक्य घेऊन आला होता. मी म्हटलं, शेडबाळे, दुसऱ्या ओळीत माझा भाता रिकामा होतो. वर कळलं तर पुढचं कंत्राट द्यायचे नाहीत, आणि मृदुलाची शाळा सुरू आहे. तुम्ही काय म्हणालात?”

अण्णांना आठवतं. न आठवलं असतं तर बरं झालं असतं.

“सांगा की. आता का दातखीळ बसली?”

“म्हटलं, वाक्यं तोडतो. तुम्ही थांबलात की मी ‘हं’ म्हणतो. कोणाला कळणार नाही. विचारलंच कोणी तर शैली म्हणू.”

“शैली!” बाई ज्येष्ठमधाची काडी या गालातून त्या गालात नेतात. “मग पुरस्कार तुम्ही घेतलात. मी काही बोलले? लेखकाचा असतो तो. मुलाखतीत मातीत सापडली म्हणालात. तेव्हाही मी म्हटलं, जाऊ दे, झाकून तर ठेवलं माणसानं. पण रविवारी झाकण काढलंत ते कशाला हो?”

“मी माझीच टर उडवली, बाई. देवाशपथ. माझ्या लिहिण्याची.”

“तुमचं लिहिणं तीन ओळींचं होतं, शेडबाळे. ते कोणाला ठाऊक आहे? जिची टर उडवलीत ती माझी छाती.”

अण्णांचे कान तापतात. त्यांना उठून जावंसं वाटतं, पण चपला बाहेर आहेत आणि बाहेर म्हणजे नेमकं कुठं, ते आता सांगता येत नाही.

“सांगतो,” ते घाईघाईनं म्हणतात. “आज कोल्हापुरात सगळं सांगतो. हात जोडतो लोकांपुढं. म्हणतो, ही लय माझी नव्हे, या बाईची होती, तिला दमा होता, आणि मी—”

“आणि टाळ्या कोणाला?”

अण्णा जोडलेले हात खाली घेतात.

“केवढा मोठा माणूस, म्हणतील. डोळे पुसतील. चौगुले तर म्हणेल, अण्णा, हे तर धापेपेक्षा भारी झालं, पुण्यात करू या.” त्या चौगुलेचा आवाज इतका अचूक काढतात की अण्णा दचकून मागं बघतात. मागं काच आहे. काचेपलीकडे रविवारचा अख्खा प्रेक्षकवर्ग खुर्च्यांवर बसून हसतोय. इकडं आवाज येत नाही, नुसते दात दिसतात. तिसऱ्या रांगेत मृदुला, तोंडावर हात. काचेतून आता नीट दिसतं की ती हसत नाहीये. तोंडावर हात धरून ती आपलाच श्वास मोजतेय. लहानपणी पलीकडच्या खोलीत आईचा मोजायची, तसा.

“घ्या, आता तुम्ही आक्का व्हा,” बाई एक कागद पुढं करतात. “हा खरा आहे. आपला शेवटचा भाग.”

वरचा लाल दिवा लागतो. म्हणजे आता बोलायला हवं. अण्णा वाचतात, “तात्या, हिरीचं पानी खाली गेलं, पर म्या म्हनते—” आणि पुढं जाता येत नाही. छातीवर कोणी युरियाचं पोतं टाकावं तसं झालं आहे. हवा नाकापर्यंत येते आणि दारातूनच परत फिरते. शब्द समोर कागदावर आहेत, सगळे अण्णांनीच लिहिलेले, पण त्यांतला एकही उचलवत नाही. लाल दिवा तसाच. कोंबडीवाली बघतेय, पोत्यावरचा म्हातारा बघतोय. हे किती वेळ चालायचं? हे असं असायचं, दर गुरुवारी, आठवड्याचे सातही भाग सलग रेकॉर्ड करताना? अण्णा टेबलापलीकडे बघतात. त्यांना आता पुरस्कार नको, पुस्तक नको, दम नको, शैली नको. त्यांना फक्त ‘हं’ हवं आहे. समोरच्यानं एकदा ‘हं’ म्हणावं, म्हणजे हा खड्डा आपला एकट्याचा राहणार नाही.

बाई शांतपणे बघत राहतात. घड्याळ नाही, पण वेळ जातो. अण्णांच्या डोळ्यांत पाणी येतं.

“हं,” बाई म्हणतात.

हवा आत येते.

“एवढंच काम होतं तुमचं, शेडबाळे,” त्या दुमडलेले कागद टेबलावर ठोकून सारखे करतात. “आणि चांगलं करायचात. बावीस वर्षांत एकदा चुकला नाहीत. म्हणून तर राग आला.”

“मग आता काय करू मी?”

“मी काय सांगणार? माझी वेळ संपली.” त्या वरच्या लाल दिव्याकडं बघतात. दिवा विझतो—

—आणि पंखा घरघरतोय. अण्णा घामानं भिजून उठून बसले आहेत. साडेचार वाजायला पाच कमी. बाहेर गाडीचा हॉर्न. छातीवरचे कागद पोटावर घसरलेत. ते आवरायला म्हणून अण्णांनी हात लावला आणि हात तिथंच थांबला.

अकराच्या अकरा पानांचा खालचा उजवा कोपरा दुमडून उभा केलेला होता. नखानं घडी दाबलेली, एकसारखी. अण्णांनी पहिलं पान चिमटीत धरून उचललं. कागद वाजला नाही.

चौगुले दारातूनच ओरडला, “अण्णा, तयार? चला, चला!”

“मी येत नाही.”

“आँ? अहो, तिकिटं संपलीत! तब्येत बरी नाही का?”

“बरी आहे.”

“मग? कारण काय सांगू मी लोकांना?”

कारण होतं. चांगलं ठसठशीत होतं. ऐकून चौगुलेसुद्धा पाघळला असता. अण्णांनी कागदांचे कोपरे अंगठ्यानं चाचपले आणि म्हणाले, “हं.”

“हं काय? म्हातारपणी फुगले म्हणतील तुम्हाला. पुन्हा कोणी बोलावणार नाही!”

“हं.”

चौगुले दोन वेळा वरच्या पट्टीत बोलला, एकदा हात जोडले, मग गाडीचं दार आपटून निघून गेला. कोल्हापुरात त्या संध्याकाळी सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की शेडबाळे तऱ्हेवाईक झालेत. मोकळा माणूस हे बिरुद आठ दिवस टिकलं.

तर शेवटचा मेळ असा. शाल आली ती अण्णांना, नारळ अण्णांना, पुस्तक, पुरस्कार आणि रविवारचं अख्ख्या नाट्यगृहाचं हसू, तेही अण्णांनाच. या सगळ्याची किंमत मोजली लीलाबाईंनी, दर गुरुवारी, छातीतून. आणि रविवारी तिसऱ्या रांगेत बसून मृदुलानं, तोंडावर हात धरून. अण्णांनी मोजले ते दारातल्या चौगुलेपुढचे दोन ‘हं’.