तिसऱ्यांदा विचार

खाला तीन बोटं वर करायची. पेशंटच्या पाठीमागे उभी राहून, फक्त मला दिसतील अशी. ओमानमधल्या सलालाहच्या त्या दवाखान्यात मी शुगरच्या पेशंटना बघणारी नवी सिस्टर. ती तिथली मदतनीस, डोंगरातली जबाली बाई, डोळ्यांत सुरमा आणि अंगाला कायम लोबानचा वास. आम्हा श्रीवर्धनच्या मुसलमानांत मावशीला खाला म्हणतात, अरबीतही खालाच. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती माझी खाला झाली.

तीन बोटांची गोष्ट अशी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी आली. मी मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, "काय त्रास?" ती म्हणाली, "काही नाही, अल्हम्दुलिल्लाह." मी फाइलवर 'तक्रार नाही' असं लिहून तिला उठवलं. खालाने तिला दारातून परत आणलं, शेजारी बसून त्यांच्या डोंगरी भाषेत विचारलं, पुन्हा विचारलं, आणखी एकदा विचारलं. तेव्हा कुठे म्हातारीने झगा जरा वर केला. पायाचं एक बोट काळं पडलं होतं.

"बिंती, पोरी, एकदा विचारून कोण सांगतं?" खाला मला म्हणाली. "पहिल्यांदा माणूस अल्लाचं नाव घेतो. दुसऱ्यांदा मुलाबाळांचं, गाईगुरांचं सांगतो. स्वतःचं निघतं ते तिसऱ्यांदा."

आता तुम्हीच सांगा, हे मला कसं कळावं? आमच्याकडे 'कशी आहेस' विचारायचा अवकाश, बाई गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं सांगून मोकळी होते.

या बायका डोंगरात गाईंमागे हिंडून मोठ्या झालेल्या. मुलांनी शहरात घरं बांधली आणि त्यांना खाली आणलं. आता दिवसभर एसीत बसायचं, गोड चहा प्यायचा, आणि नातवंडं बोलणार अरबीत. खाला म्हणायची, "यांना गोळी देता, पण यांच्याशी बोलतं कोण?" डॉक्टरांच्या मागे लागून तिने मंगळवारची सकाळ आणि मागची खोली मिळवली. बायका जमायच्या, लोबान पेटवायच्या आणि आपल्या भाषेत गाणी म्हणत अंगणात फेऱ्या मारायच्या. एकदा धुराने आगीची घंटा वाजली, तर बायांनी आवाज चढवून गाणं पुरं केलं. डॉक्टर धावत आले आणि हसत परत गेले.

थर्मासमधला चहा बिनसाखरेचा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. "प्या," खाला म्हणाली, "मी पितेय, मेले का?" घरी जाऊन ती दोन चमचे घालून प्यायची, हे मला माहीत होतं. पण त्या अंगणात बायका बोलायला लागल्या, हे खरं. कोणाला दिसत नव्हतं, कोणाला झोप लागत नव्हती. चालता चालता सगळं बाहेर यायचं, आणि खाला ते मला येऊन सांगायची.

मग दवाखान्यात टोकन आलं. मोबाइलवर नंबर, प्रत्येक पेशंटला ठरलेली मिनिटं, डोक्यावर लाल आकडा. मीही त्या आकड्याबरोबर पळायला शिकले.

अशाच एका सकाळी खाला माझ्या टेबलाशी आली. त्या दिवशी तिची सुट्टी होती. नवी शाल पांघरून आली होती, तेवढंच मी पाहिलं.

"खाला, खबर काय?" मी विचारलं.

"काही खबर नाही, अल्हम्दुलिल्लाह."

"घरी सगळे बरे?" मी कॉम्प्युटरकडे बघत विचारलं.

"बरे. नातू शाळेत जातो."

एवढ्यात आकडा बदलला. "यल्ला खाला, नंतर बोलू हं," मी म्हटलं. तिने माझा सरकलेला स्कार्फ नीट केला, लोबानची पुडी टेबलावर ठेवली आणि गेली.

त्यानंतर ती कामावर आली नाही. महिन्याभराने कळलं की तिला मस्कतला नेलंय. छातीत गाठ होती. ती तिला कित्येक महिने हाताला लागत होती, आणि आता फार पसरली होती. दुसऱ्यांच्या दुखण्याला वाचा फोडणाऱ्या बाईने स्वतःचं दुखणं शालीखाली झाकून ठेवलं होतं.

एका मंगळवारी तिचा मुलगा आला. पाठीमागे पेशंटची रांग होती.

"खबर काय?" मी विचारलं.

"काही खबर नाही. अल्हम्दुलिल्लाह."

"घरी सगळे बरे?"

"बरे आहेत."

मला पुढे विचारायचं नव्हतं. विचारलं नसतं तर ती आणखी थोडा वेळ मस्कतच्या खाटेवर जिवंत राहिली असती. वर आकडा बदलला. मुलाच्या पाठीमागे तीन बोटं वर करणारं कोणी नव्हतं. मी तिसऱ्यांदा विचारलं.

त्याने सांगितलं. रविवारी पहाटे गेली. डोंगरात, तिच्या आईजवळ पुरली. मग खाली बघत म्हणाला, "सिस्टर, पहिल्यांदा तुलाच सांगायला आली होती ती. घरी येऊन म्हणाली, पोरगी कामात होती."

तिला मी दोनदा विचारलं होतं. दोनदाच.