बर्फाच्या गुहेचं दार

सुजाता, माझी बायको, बाथरूमची कडी लावत नाही. पुण्यात एकदा लिफ्टमध्ये अडकली, तेव्हापासून. ती आत असेपर्यंत मी दाराबाहेरच्या बोळात वाचत बसतो. मनालीच्या हिवाळी शिबिराला जायची तिची फार इच्छा. पण तिथे एक मुक्काम बर्फाच्या गुहेत असतो. जमेल की नाही ते आधी इथे आयर्लंडमध्येच बघू, असं तिनेच ठरवलं. जानेवारीत विकलोच्या डोंगरांत बर्फ साठल्याचं कळलं आणि शनिवारी सकाळी आम्ही ॲथलोनहून निघालो. सोबत शेजारचे नितीन आणि कविता.

मोटरवेवर एक टोल लागतो. ब्लेसिंग्टनला पेट्रोल आणि कॉफी घ्या, पुढे काही मिळत नाही. घाटरस्ता बंद असेल तर गाडी खाली लावून तासभर चढायचं. बर्फाची फावडी इथल्या दुकानांत आम्हाला मिळाली नाहीत, म्हणून बागेतली नेली. पार्किंगमधला एक मेंढपाळ त्या फावड्यांकडे बघत राहिला. काय खणताय, असं त्याने विचारलं. चौघांसाठी घर, नितीनने सांगितलं.

"ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे', असं तो म्हणाला आणि कुत्र्याला घेऊन निघून गेला.

आखणी माझी होती. वाऱ्याने बांधाला लावलेला बर्फाचा ढीग काठी खुपसून तपासायचा. अख्खी काठी आत गेली तर जागा चांगली. दार खाली, बसायचा ओटा त्याहून वर, म्हणजे गार हवा खालून निघून जाते. छत आतून गुळगुळीत, नाहीतर थेंब मानेवर पडतात. हवेसाठी छताला काठीएवढं भोक. एकाने खणायचं, दुसऱ्याने बर्फ प्लास्टिकवरून ओढून न्यायचा, बाकीच्यांनी दम खायचा. दार मात्र सुजाताने एकटीने खणलं. मदत नको म्हणाली.

दुपारी आत शिरलो. नितीन पहाऱ्याला बाहेर थांबणार होता, पण कविताने गूळपोळ्या काढल्यावर तोही आत आला. चटईवर अन्न ठेवलं तसे चौघांनीही बूट काढून दाराबाहेर ओळीने लावले. मीसुद्धा. बूट काढायचे नाहीत, हे आखणीत घालावं लागेल असं मला सुचलंच नव्हतं.

"देवळाबाहेर चोरीला जातात," नितीन म्हणाला. "इथे तीही भीती नाही."

मग वारा फिरला. दारावरचा भुसभुशीत बर्फ घसरला आणि आत निळसर अंधार झाला. फावडीही बाहेरच होती. सुजाताचा श्वास मला ऐकू येत होता. मी पुढे सरकलो.

"तू बस," ती म्हणाली. "दार मी खणलंय."

डब्याच्या झाकणाने ती बर्फ उकरत राहिली. आधी उजेड आला, मग तिने एक बूट आत ओढला. बर्फाने गच्च भरलेला.

"हा कुणाचा?" लग्नघरात विचारतात तसं तिने विचारलं.

उतरताना सगळ्यांचे मोजे ओले होते. गाडीचा हीटर लागेपर्यंत कविताची बोटं बधिर होती. तुम्ही गेलात तर बूट घालूनच जेवा, एक फावडं आत ठेवा आणि बाहेरच्या माणसाला गूळपोळी बाहेरच द्या.

घरी बूट वर्तमानपत्रावर पालथे घातले. तुला भीती वाटली नाही असं या लेखात लिहू का, मी सुजाताला विचारलं.

"वाटली. तसंच लिही," ती म्हणाली. "पण दार कुठे आहे ते माहीत होतं."

शिबिराचं बघू म्हणाली आणि आंघोळीला गेली. एका दुपारवरून काही ठरवू नये, हे मला कळतं. मी नेहमीसारखा बोळात बसलो. आतून कडी लागल्याचा आवाज आला. पाणी सुरू झालं, तरी कडी उघडली नाही.