जावयाची टाळी

कोल्हापुरात राहून ज्याने उभ्या आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही असा माणूस शोधायला निघालात, तर बरेच हिंडावे लागेल. आमच्या गल्लीत येऊन माझे नाव विचारलेत तर मात्र लगेच सापडेल. सामन्याच्या दिवशी पेठा ओस पडत, दुकानांच्या फळ्या लागत, आणि मी घरात बसून रेडिओवरची धूळ पुसत असे. हे मी कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते. न विचारलेले न सांगणे हा माझा मूळ स्वभाव. पुढे विचारलेलेही न सांगण्यापर्यंत मी प्रगती केली.

अशा माणसाला नागपुरास जाण्याचा योग आला. धाकट्या मेहुण्याने, वसंताने, प्रताप नगरात घर बांधले होते आणि त्याची वास्तुशांत होती. मुलीची परीक्षा असल्यामुळे आमच्या मंडळींना निघता येईना. त्या मूळच्या नागपूरच्या, महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या. माहेरी आपल्याऐवजी नवऱ्याला पाठवावे लागते आहे याचे दुःख त्यांनी एका कत्थई स्वेटरमध्ये विणून माझ्या अंगात घातले. "नागपूरची थंडी तुम्हाला ठाऊक नाही. हा काढायचा नाही," असे बजावले. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत त्या माझ्याकडे कमी आणि स्वेटरकडे जास्त पाहत होत्या.

वर्ध्याच्या पुढे खिडकीतून कपाशीची पांढरी शेते सरकू लागली. समोरच्या बाकावरचा गृहस्थ संत्रे सोलत होता. निम्म्या फोडी माझ्या हातावर ठेवत त्याने विचारले, "कोठले जी आपन?"

"कोल्हापूरचा."

"मंग काय! फुटबॉलचे मोठे शौकीन असान."

तोंडात संत्रे होते. मी मान हलवली. त्या मानेचा त्याने जो अर्थ घ्यायचा तो घेतला. माझ्या सगळ्या अडचणी अशाच सुरू होतात, तोंडात काहीतरी असताना.

प्रताप नगर तेव्हा नुसते आखलेले होते. खुंट्या ठोकलेले रिकामे प्लॉट, मध्येच एखादे नवेकोरे घर, आणि त्या घराच्या चारी बाजूंनी निवांत शिरणारा वारा. वसंताने घर कौतुकाने दाखवले, पण त्याचा जीव तिथे नव्हताच. राहायला तो प्रताप नगरात आला होता, पण त्याचे सकाळ-संध्याकाळ जगणे अजून महालातच चालू होते. तिथल्या फुटबॉल संघाचा तो चिटणीस. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला त्याने आधी माझी ओळख करून दिली आणि मग घर दाखवले.

"आमचे भाऊजी. कोल्हापूरचे!" एवढेच तो म्हणे आणि एक भुवई वर करी. बाकीचे काम ती भुवई करायची.

विदर्भात जावयाला जवाईबापू म्हणतात, आणि जवाईबापूचा शब्द खाली पडू देत नाहीत. जेवताना मी सहज म्हटले की भात मोकळा झालाय, तर ज्यांना तो कच्चा लागत होता त्यांनीही मान डोलावली. एवढी सत्ता हाती आल्यावर माणसाने जपून बोलावे. मी तर बोलतच नव्हतो, म्हणून मला वाटले, आपण सुरक्षित आहोत.

दुसऱ्या दिवशी सामना होता, महाल विरुद्ध जवळच्या कळमेश्वर गावचा संघ. त्याआधी वसंताने मला सावजीकडे (मसाल्याच्या काळ्या, जहाल रश्श्याचे मटण मिळते ते भोजनालय) नेले. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला डोळ्यांना धार लागली. वसंता कौतुकाने म्हणाला, "भाऊजी, कोल्हापूरचे तुम्ही! तुम्हांले काय हे?" कोल्हापूरचा म्हणून आणखी काय काय सोसावे लागणार, याचा अंदाज मला त्या रश्श्यात आला.

मैदानावर हजारभर माणसे उभी होती आणि खुर्ची एकच होती. ती जवाईबापूंसाठी, थेट गोलाच्या मागे, खांबाला लागून ठेवलेली. "येथून सारं साफ दिसते," असे ती खुर्ची आणणारे गुलाबराव मला म्हणाले. हे महालातले पानवाले. त्यांचा आवाज इतका मोठा की पान मागायला दुकानापर्यंत जावे लागत नसे, ते स्वतःच सगळ्या गल्लीला विचारत.

पहिल्या अर्ध्यात मला एवढे कळले की आपले लोक निळे, ते पिवळे, आणि आपले निळे माझ्या समोरच्या गोलावर धावून येत आहेत. मी खूश झालो. हा खेळ वाटला होता तितका कठीण नव्हता. मग विश्रांती झाली, लिंबू-पाणी झाले. विश्रांतीनंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. कोल्हापूरच्या माणसाला ती कोण सांगणार? सावजीच्या कृपेने डोळ्यांपुढे रंगही धड दिसत नव्हते. माझ्या लेखी समोरचा गोल अजून कळमेश्वरचाच होता.

शेवटी शेवटी डोळे इतके वाहू लागले की मी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. तेवढ्यात प्रचंड आरडाओरडा झाला, पंचाने शिट्टी फुंकली आणि समोरच्या जाळीत चेंडूसारखे काहीतरी थरथरले. आपला गोल झाला! मी चष्मा मांडीवर टाकला आणि खणखणीत टाळी वाजवली.

महालाच्या हजार माणसांमध्ये ती एकटीच टाळी होती.

चष्मा लावल्यावर सगळे माझ्याकडे पाहत होते. मी त्याला आदर समजलो.

आता इथला रिवाज सांगतो, कारण पुढचे सगळे त्याच्यावर आहे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महालातल्या एका टपरीवर दोन्हीकडचे लोक जमतात. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना तर्री-पोहे (पोह्यांवर ओतलेला हरभऱ्याचा तिखट रस्सा) खाऊ घालायचे, आणि हरलेल्यांनी आपण का हरलो ते जिंकलेल्यांना पटवून द्यायचे. ज्याच्यामुळे हरलो असे ठरेल, त्याने आपली जर्सी घडी करून टेबलावर ठेवायची. ती टपरीच्या खिळ्याला लटकते आणि तो माणूस संघाबाहेर होतो. जगातल्या पुष्कळ पराभवांना अशी सोय नाही, म्हणून तर ते इतके दिवस चालतात.

त्या एकुलत्या एका गोलाने जिंकलेली कळमेश्वरची मंडळी पहिल्या बसने हजर झाली होती. त्यांचे पुढारी कवडूजी, डोक्याला रुमाल गुंडाळलेले शेतकरी. गुलाबराव त्यांच्यावर तुटून पडले.

"आठ आठ मानसं गोलासमोर उभे! हा फुटबॉल हाय का रान राखून राहिले तुमी?"

"आमच्या पोरायले राखनच जमते, बावा," कवडूजी पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. "रानडुकरं अडवते ते. तुमचे फॉरवर्ड काय चीज हाय?"

"आन् ते बुटाच्या लेसा? दर पाच मिन्टानं एक जन खाली बसे."

"नवे बूट हायेत. गाठ बसाले टाइम लागते."

"आन् तो थ्रो? लाइनीवरून फेकला तं सीधा गोलात! हात हाय का गोफन?"

"रोज बैलबंडीवर कडबा फेकते आमचा पोरगा. पेंडी वर गेली पाहिजे, नाई तं बाप जेवाले देत नाई. तुमी बी फेका ना गा, कोन नाई म्हणते?"

खरा वाद त्या थ्रोचाच होता. नियम असा की बाहेरून हातांनी फेकलेला चेंडू कुणालाही न शिवता सरळ गोलात गेला, तर गोल धरत नाहीत. महालाचा गोलकीपर नामदेव हा नियम पक्का जाणून होता. चेंडू येताना दिसला तेव्हा त्याने हाताची घडी घातली आणि बाजूला उभा राहिला. पंचाला वाटले की वाटेत तो कुणाच्या तरी डोक्याला लागला, म्हणून त्याने गोल दिला. आता चेंडू कुणाला लागला नसेल तर पंच आंधळा, आणि लागला असेल तर नामदेव मूर्ख.

नामदेव कोपऱ्यात उभा होता. तिशी उलटलेला, सायकली दुरुस्त करणारा, शांत. अंगात कोपरांना ठिगळे लावलेली हिरवी जर्सी. ती तो सामना नसतानाही घालतो, असे मला वसंताने आधीच सांगितले होते. महालात त्याला कुणी सायकलवाला म्हणत नसे, गोलकीपर म्हणत. खिळ्यावर जर्सी गेली की तो उरला नुसता सायकलवाला.

"मी पाह्यलं," नामदेव म्हणाला. "कोनालेच लागला नाई."

"तुले तं असंच दिसन!" गुलाबराव म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "अन् जवाईबापूनं टाळी काहून वाजवली मंग? महालाचा जवाई, आपल्यावर झालेल्या गोलाले टाळी वाजवते! म्हणजे गोल सच्चा होता. कोल्हापूरचा मानूस हाय, उगाच हात नाई हलवत. सांगा जी, लागला ना?"

तोवरचा सगळा वाद माझ्या डोक्यावरून गेला होता; इथे मला पहिल्यांदा कळले की गोल आपल्यावर झाला होता. वसंताची भुवई अभिमानाने वर गेली होती. पोह्यांच्या बशीवरून चाळीस डोळे माझ्यावर खिळले होते. 'मी पाहिलेच नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते. माझ्या तोंडात पोहे होते, पण ते गिळता आले असते.

मी गिळले आणि म्हणालो, "हो. लागला."

कवडूजींनी रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. कुणी वाद घातला नाही. नामदेवाने जर्सी काढली, बाह्या आत दुमडून घडी केली, टेबलावर ठेवली आणि बनियनवर निघून गेला. थंडी होती. माझ्या अंगात स्वेटर होता.

माझी गाडी संध्याकाळची. दुपारी वसंता तिकिटाच्या कामाला गेला होता आणि मी महालातल्या बोळांतून उगाच फिरत होतो. सायकलीच्या दुकानापाशी पाय का थांबले ते सांगत नाही, तुम्हाला कळले असेल. नामदेव चाकाची तार ओढत होता. त्याने उठून मला स्टूल दिले.

"जवाईबापू, तुमचा शब्द मी नाई मोडत," तो म्हणाला. "लागला तं लागला. फकस्त एक सांगा, कोनाच्या डोक्याले? माह्या इतक्या जवळून गेला आन् मले नाई दिसलं, म्हणून पुसून राहिलो. डोये तपासून घेईन म्हणतो."

तो टोमणा नव्हता. त्याला खरेच स्वतःच्या डोळ्यांची शंका आली होती. मी घाईने म्हणालो, "तो त्यांचा उंच पोरगा नाही का, निळ्या सदऱ्यातला. गोल मारायला पुढे आला होता बघ."

नामदेवाने चाक खाली ठेवले.

"निळे तं आपन होतो, जवाईबापू."

मी स्टूल मागे सरकवले.

"म्हणजे तुमाले वाटलं, गोल आपला झाला?" मग त्याने अगदी हळू विचारले, "पाह्यलं तरी होतं का?"

"चष्मा पुसत होतो."

तो हसेल, ओरडेल, चाक फेकून मारेल, यातले काहीही चालले असते. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "मले नका सांगू जी. मी तं मैदानातच होतो. जेथं बोलले, तेथं सांगा."

टपरीवर तेच सगळे होते. कळमेश्वरवाल्यांची परतीची बस सुटायची होती. मी उभ्यानेच सांगून टाकले: चष्मा, बाजू बदलणे, टाळी, एकही सामना न पाहिलेला कोल्हापूरकर, सगळे. आयुष्यात इतका वेळ सलग मी कधी बोललो नव्हतो. वसंताची भुवई खाली आली ती मी असेपर्यंत वर गेली नाही.

गुलाबरावांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे," ते म्हणाले, "अजून काईच ठरलं नाई!"

त्यांचा आनंद पाहून मी चाट पडलो. पुन्हा पोहे आले, पुन्हा कडबा, लेसा, आठ माणसे. कवडूजींनी बस सोडून दिली. कुणीतरी खिळ्यावरची हिरवी जर्सी काढून दारात उभ्या असलेल्या नामदेवाकडे फेकली. त्याने ती हवेतच झेलली आणि तिथेच अंगात घातली.

"पर खिया रिकामा नाई ठेवता येत," कवडूजी माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाले. "रिवाज हाय तुमचाच."

"ते जवाई हायेत," वसंता पुटपुटला.

"म्हणून तं म्हणून राहिलो. जवाई म्हणजे घरचाच मानूस."

मी स्वेटर काढला, बाह्या आत दुमडून घडी केली आणि टेबलावर ठेवला. घडी नामदेवासारखी जमली नाही.

परतीच्या प्रवासात रात्रभर मी धोतराचा सोगा गळ्याभोवती गुंडाळून बसलो होतो. नागपूरची थंडी मला ठाऊक नव्हती हे खरेच, मंडळी बरोबर होत्या. तरी एक गंमत सांगतो. जाताना स्वेटर घालूनही मला झोप लागली नव्हती. येताना कुडकुडत का होईना, वर्ध्यापासून डोळा लागला. शेजाऱ्याने "कोल्हापूरचे का? मग फुटबॉल..." असे सुरू केले, तेव्हा मी "एकही सामना पाहिलेला नाही" असे सांगून मोकळा झालो. तो बिचारा दौंडपर्यंत बोलला नाही.

दार मंडळींनी उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे.

"स्वेटर?"

नेहमीचा मी असतो तर म्हणालो असतो, गाडीत राहिला. त्या दिवशी उंबऱ्यातच बसलो आणि पहिल्यापासून सांगितले. मंडळी ऐकत होत्या. इतकी वर्षे संसार करून ज्यांना मी कधी धड काही सांगितले नव्हते, त्या आता काय म्हणतील या भीतीने मी खाली पाहत होतो. माझे संपले. त्या पदर खोचून माझ्यासमोर बसल्या आणि त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांनी थेट महाल बाहेर पडला:

"ते सारं जाऊ द्या. लागला होता का नाई?"