धन्यवाद म्हणायचं नाही

बासिलिसाबाईच्या बत्त्याचा मार चुकवून सुटलेली औषधी काडी अख्ख्या असुन्सिओन शहरात सापडायची नाही. साहोनिया भागातल्या टॅक्सीथांब्याजवळ, आंब्याखाली, तिचा खलबत्ता उजाडल्यापासून दणदणत असतो. माणसाचं तोंड बघून ती रोग सांगते, विचारलं नाही तरी. परवा एका टायवाल्याला म्हणाली, "पोट नाही बिघडलं तुमचं. सासू आलीये घरी. पुदिना वाढवते." शेजारीच माझी चिपांची, म्हणजे चीजच्या पावरोट्यांची, टोपली असते, त्यामुळे मला रोज फुकट करमणूक.

थांब्यावरचे ड्रायव्हर कुटलेला पाला बर्फाच्या पाण्यात टाकून घेतात नि चालू पडतात. एवारिस्तोराव मात्र तिच्याच स्टुलावर बसून तिच्याच प्याल्यातून तेरेरे, म्हणजे हेच पाल्याचं थंडगार पेय, पितात. दोघांचेही जोडीदार जाऊन वर्षं झाली. ती त्यांना कधी नावाने हाक मारत नाही, "अहो टॅक्सीवाले" म्हणते. लाजते, दुसरं काय!

तेरेरेची रीत साधी. प्याला एक, नळी एक. पिऊन मुकाट परत द्यायचा, की तो फिरून येतो. 'धन्यवाद' म्हटलं की तुमचं पुरे झालं, मग प्याला येत नाही. दुपारी गाव आडवं व्हायला लागलं, दुकानांची दारं लागली, की एवारिस्तोराव 'धन्यवाद' म्हणून उठायचे.

मग एन्कार्नासिओनहून त्यांच्या मुलाचा निरोप आला: टॅक्सी विका, इकडे राहायला या, रविवारी न्यायला येतो. बासिलिसाबाई म्हणाली, "जा की. मुलगा बोलावतोय, भाग्य लागतं." आणि त्या दिवशी तिने पाला असा कुटला की गिऱ्हाइकाच्या हातात नुसतं पीठ पडलं.

"अगं, थांबा म्हण त्यांना," मी म्हटलं.

"मी कोण म्हणणार? तू आपल्या चिपा बघ, निमिया. करपल्यात."

करपल्या नव्हत्या. मला राग आला. एवढी तोंडाळ बाई, नेमकी इथेच तिची वाचा बसली!

रविवारी मुलगा विल्फ्रिदो गाडी घेऊन आला. बॅगा आत गेल्या. एवारिस्तोराव निरोप घ्यायला म्हणून आले आणि स्टुलावर टेकले. तिने प्याला भरला. त्यांनी पिऊन मुकाट परत दिला. तिने पुन्हा भरला, त्यांनी पुन्हा दिला. विल्फ्रिदोने दोनदा हॉर्न वाजवला, मग घाम पुसत खाली उतरला.

"बाबा, धन्यवाद म्हणा आणि उठा ना! उशीर होतोय."

एवारिस्तोराव जागचे हलले नाहीत. बाईने प्याला पुन्हा भरला. या वेळी तो विल्फ्रिदोपुढे धरला. "तू पी आधी. उन्हातून आलायस."

पोरगा तहानलेला होता. घटाघटा ओढला आणि घाईत म्हणाला, "धन्यवाद, मावशी."

"झालं तुझं?" ती म्हणाली. "मग तू नीघ, बाळा."

विल्फ्रिदो आ वासून बापाकडे बघायला लागला. एवारिस्तोरावांनी हात पुढे केला.

"बासिलिसा," ते म्हणाले, "आता माझी पाळी."