जुलैत माराकेश

साल २०२४, महिना जुलै, मेलबर्नचा ऐन हिवाळा. ग्लेन वेव्हर्लीच्या बागेत आम्ही तीन म्हातारे रोज एका बाकावर बसायचो. देशपांडे बँकेत हेडक्लार्क होते, शिंदे एसटीचा ड्रायव्हर आणि मी गवंडी, चौथी पास. बाक तोच, माणसं तीच, तरी किस्से गिलाव्यासारखे थरावर थर चढत गेले. त्यांतला माराकेशचा थर सगळ्यांत जाड.

*

देशपांड्यांनी एका माहितीपत्रकात वाचलं : विंटर सन हवंय? मोरोक्कोतलं जुनं शहर माराकेश गाठा.

"आपल्याकडे विंटर आहे, तिथे सन आहे. आणखी काय पाहिजे?"

शिकलेला माणूस बोलला म्हणून आम्ही तिकिटं काढली. विमानतळावर माझी नात म्हणाली, "आजोबा, इट्स समर देअर, यू नो!"

देशपांडे हसले. "लहान आहे अजून!"

*

उतरलो तर चव्वेचाळीस डिग्री! बॅगांत थर्मल, मफलर आणि तीन कानटोप्या. लॉजच्या मालकाने विचारलं, "ऑस्ट्रेलिया? इन जुलै? व्हाय?"

शिंदेने देशपांड्यांकडे बोट दाखवलं. "आस्क हिम, मेट!"

*

जुन्या शहरातल्या गल्ल्या अरुंद आणि सगळ्या सारख्या. शिंदे पुढे. तीस वर्षं घाटात गाडी चालवली, रस्ता चुकला नाही, हा त्याचा तोरा. तासाभराने देशपांडे म्हणाले, "अहो शिंदे, हे गाढव मघाशी पाहिलंय."

"गाढवं सगळी सारखीच दिसतात."

"असतील. पण हे आता आपल्याला ओळखायला लागलंय!"

*

शहराच्या तटाला मी अंगठा दाबून पाहिला. माती, त्यात चुना. काम चोख. गाईडने विचारलं, "यू आर इंजिनिअर?"

मी काही बोलायच्या आत शिंदे म्हणाला, "नो नो. ही हाइड्स इंजिनिअर्स मिस्टेक्स!"

मला राग आला नाही. खरंच होतं ते.

*

तिसऱ्या दिवशी भर उन्हात मला चक्कर आली. समोर एक म्हातारा कारागीर भिंतीला चुन्याचा गिलावा करत होता. हातातलं काम टाकून त्याने मला सावलीत ओढलं, पाणी पाजलं, डोक्यावर ओला फडका ठेवला. निघताना स्वतःची गवताची टोपी माझ्या डोक्यावर घातली. त्याची अर्धी भिंत तोवर वाळून गेली होती. दोन वेळचं काम जोडलं की सांधा दिसतो. म्हणजे ती आता खरवडून नव्याने करायची.

दुसऱ्या दिवशी टोपी परत द्यायला गेलो. तो घेईना. छातीवर हात ठेवून नुसता हसला.

"ठेवा हो मिस्त्री," देशपांडे म्हणाले. "प्रेमाने देतोय."

"फुकटचं आजवर घेतलं नाही."

भिंत खरवडलेली होती. मोठी होती आणि तो एकटा. त्या उन्हात एकट्याने एका दमात होणारी नव्हती. मी टोपी डोक्यावर चढवली, बाह्या सारल्या आणि त्याची दुसरी थापी उचलली. त्याने डाव्या टोकाकडून धरलं, मी उजव्या. दुपारी मधोमध भेटलो.

त्याने भिंतीवरून तळहात फिरवला. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. सांधा सापडला नाही.

मग त्याने माझ्या डोक्यावरची टोपी काढली आणि आपल्या डोक्यावर घातली.