रेंज विचारायची राहिली

माझं लग्न ठरवताना बाबांनी सगळी चौकशी केली. मुलाची नोकरी, स्वभाव, मूळ गाव, तंबाखू खातो का, सगळं. पत्रिका तर दोन गुरुजींकडून पाहून घेतली. एकच गोष्ट राहिली. मुलगा नोकरीला होता त्या सतवास गावी आमच्या फोनची रेंज येते का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आमचा फोन म्हणजे चौघांचा मिळून एक प्लॅन होता. बाबा कारखान्याच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून मध्य प्रदेशात देवासला आले आणि इथलेच झाले. मोबाइल नुकते घरोघर दिसू लागले होते, तेव्हा एका फोन कंपनीचा माणूस कारखान्याच्या फाटकाशी टेबल टाकून बसला. एका घरात चार नंबर घ्या, आपापसांत हवं तेवढं बोला, पैसे नाहीत. अट एवढीच, दोन वर्षं सोडायचं नाही. फुकट म्हटल्यावर बाबा थोडेच थांबणार! आई, बाबा, भाऊ आणि मी, असे चार नंबर घेऊन ते घरी आले. पुढचे कितीतरी दिवस ते बाहेरच्या ओट्यावर बसून स्वयंपाकघरात फोन करत आणि चहा मागत.

मी तेव्हा धारला शाळेत शिकवत होते आणि एक खोली घेऊन राहत होते. संध्याकाळी आईचा फोन यायचा. बोलणं लवकरच संपायचं, पण फोन ठेवायचा नाही, हे आमचं न ठरवता ठरलं होतं. स्पीकर लावून ती तिचा फोन खिडकीत ठेवायची, मी माझा पोळपाटाशेजारी. मग ती तिची कामं करायची, मी माझी. तिच्या कुकरच्या शिट्ट्या, बाबांवरची कुरकुर, सगळं मला ऐकू यायचं. मधेच ती विचारायची, "काय गं, आहेस ना?" मी म्हणायची, "आहे." त्या खोलीत मला एकटं असं कधी वाटलंच नाही.

लग्न झालं आणि नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीमुळे मी सतवासला आले. फोन मुका झाला. आमच्या कंपनीचा टॉवरच तिथे नव्हता. होता तो दुसऱ्या कंपनीचा, मंडीच्या मागे. फोनमध्ये तेव्हा एकच कार्ड बसायचं. नवरा म्हणाला, "इथलं कार्ड घेऊन टाक की." एसटीडी बूथवरून बाबांना विचारलं, तर ते अडून बसले. "करार आहे. एक नंबर काढला तर चौघांचा प्लॅन मोडतो. आणि कंपनीला काय सांगू, पोरगी घरातून गेली म्हणून?" मला त्यांचा रागही आला आणि बरंही वाटलं. त्या चारांतून मलाही निघायचं नव्हतं.

मग रविवारी भाजीबिजीचं निमित्त काढून मी बसनं जवळच्या कन्नौदला जायची, तिथे आमची रेंज होती. कन्नौद जवळ आलं की पर्समधला फोन जागा व्हायचा. बसस्टँडच्या बाकावर बसून मी आईला फोन लावायची. नवरा चिडवायचा, "कन्नौदची मेथी एवढी काय गोड असते गं?" पण बसस्टँडवर काही पोळ्या लाटता येत नाहीत. नुसतं बोलावं लागायचं, आणि नुसतं बोलायला आमच्याकडे फारसं काही नसायचं. दोघीही इकडचं तिकडचं विचारून गप्प व्हायचो.

थंडीत बाबा स्वतः आले. पाण्याचा तांब्या तसाच ठेवून त्यांनी खिशातून फोन काढला आणि हात उंच धरून अंगणभर फिरले. मग गच्चीवर गेले. शेजारचे काका त्यांच्या गच्चीवरून ओरडले, "भिया, यां नी पकड़ेगा! कन्नौद जाना पड़ेगा!" इथे रेंज मिळणारच नाही हे ऐकून बाबा खाली आले ते चेहरा पाडूनच. फोन परत खिशात ठेवत म्हणाले, "तुला एवढं लांब दिलंय, हे मला आज कळलं बघ." मग म्हणाले, "घे बाई तू इथलं कार्ड." करार संपायला अवकाश होता, नंबर चालू ठेवणं भाग होतं. माझं जुनं कार्ड त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून नेलं.

नव्या कार्डावर घरबसल्या आवाज येऊ लागला, पण आता बोलण्याला पैसे पडत होते. आई घाईघाईत बोलायची. "बरी आहेस ना? जेवलात? ठेवते गं." थांब म्हटलं तर म्हणायची, "उगाच कशाला?" आणि ठेवून द्यायची.

वैशाखात भावाचं लग्न झालं. मुलगी मीच सुचवलेली, धारच्या शाळेतली माझी मैत्रीण. त्यांचं घराणं पूर्वी संस्थानच्या चाकरीत होतं, घरातली मराठी आमच्या पणजीच्या काळातली. कालपर्यंत मला नावानं हाक मारणारी ही बाई अक्षता पडताच "वन्सं" म्हणायला लागली. मी म्हटलं, "अगं, डोकं फिरलं का तुझं?" तर म्हणते, "रीत आहे, वन्सं." तिनं धारची नोकरी सोडली नाही. आठवडाभर माहेरी राहायची आणि रविवारी देवासला यायची. रिकामा पडलेला नंबर साहजिकच तिला मिळाला. तिलाच द्या, असं मीच सांगितलं होतं.

शाळा सुरू झाल्यानंतरची एक संध्याकाळ. कणीक मळता मळता मला आईचा आवाज ऐकावासा वाटला. कारण काहीच नव्हतं. फोन लावला, एंगेज. पोळ्या झाल्यावर लावला, एंगेज. भाजी झाली तरी तेच. मला काळजी वाटू लागली. वहिनीला विचारावं म्हणून तिला, म्हणजे माझ्याच जुन्या नंबरला, फोन केला. तोही एंगेज होता.

फोन हातात धरून मी ओट्याशी तशीच उभी राहिले. मला सगळं कळलं. देवासला आई भाजी निवडत असेल, धारला वहिनी वह्या तपासत असेल, दोघी फारसं बोलतही नसतील. वहिनीचा राग नाही आला मला. पोरगी गुणाची होती, आईचा वेळ चांगला जात होता, यात वाईट काय? पण पोटात दुखणं कशाला म्हणतात ते मला त्या संध्याकाळी समजलं.

नवरा ताटावर बसत म्हणाला, "लागला का गं फोन?"

"नाही. आई बोलतेय."

"एवढा वेळ? कुणाशी?"

"लेकीशी," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.