मागच्या घराची नळी

वकिलीणबाईंचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि या बाबतीत त्या अगदी निःपक्षपाती होत्या. दूधवाला पाणी घालतो, मीटर पाहणारा आकडा वाढवून लिहितो, वरचा भाडेकरू विनाकारण पंखा चालू ठेवतो. यातला भाडेकरू मी. राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गात गणित शिकवत होतो आणि बाईंच्या माडीवरच्या खोलीत राहत होतो. जिना उतरताना माझ्या पिशवीकडे त्यांनी पाहिलं नाही असं कधी झालं नाही. मला त्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

त्यांचं नाव गोदावरी. नवरा मोरोपंत दिवाणी वकील होते. ते लकव्यानं अंथरुणाला खिळले आणि त्यातच वारले, आणि मुलगा गौरांग नोकरीपायी अकोल्याला राहिला, त्यामुळे घरात बाई एकट्या. मोरोपंतांनी जन्मभर वहिवाटीचे दावे लढवले. म्हणजे शेजारी तुमच्या शेतातून विहिरीवर जायला लागला, तुम्ही भिडेपोटी गप्प राहिलात, की काही वर्षांनी ती वाट त्याच्या हक्काची होते. कापसाचे दिवस फिरले तसे हे दावे वाढतच गेले. पिकातून काही हाती येईना, म्हणून लोक वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचत. ते सगळं बाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलेलं. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण स्वतः भटाघरच्या असूनही त्या दिवसातून दोनदा तरी म्हणत.

अशात आमच्या भागात भुयारी गटाराचं काम आलं. माणसं घरोघर फिरून नियम सांगून गेली. संडास-न्हाणीचं पाणी नव्या गटाराला जोडायचं, पावसाचं जोडायचं नाही. जोडणी झाली की जुनी टाकी उपसून मुरुमानं भरायची. मागच्या घराला रस्ता लागत नसेल तर त्याची नळी पुढच्या घराच्या अंगणातून न्यायची, पण पुढच्याची संमती पाहिजे. आणि हे सगळं काँक्रिटचा रस्ता व्हायच्या आत. एकदा रस्ता झाला की कोणाला खोदू देणार नव्हते.

आमच्या मागचं घर अब्दुल रहीम यांचं. गाद्या भरायचा त्यांचा धंदा. त्यांच्याकडे जायला बाजूनं एक माणूस जाईल एवढीच वाट होती, तीही चढाची, आणि सांडपाणी काही चढ चढत नाही; बाईंचं अंगण मात्र रस्त्याकडे उताराचं. त्यांची जुनी टाकी काठोकाठ भरली होती, आणि ती उपसणाऱ्या गाडीची नळी तिथवर पोचत नव्हती. बाकीची माणसं दुकानात, मशिदीत कुठंतरी भागवत. पण रहीमभाईंच्या बायकोचा, शकीलाचा, लकव्यानं उजवा हात नि उजवा पाय लुळा पडला होता. तिला रोज रिक्षात घालून दोन गल्ल्या पलीकडे बहिणीकडे न्यावं लागे. ती बाई दुपारनंतर पाणीच पीत नाही, असं तिची मुलगी गजाला मला एकदा म्हणाली.

रहीमभाई बाईंकडे आले, ओसरीखाली उभे राहिले आणि अंगणातून नळी नेऊ द्या म्हणाले. बाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. आज नळी, उद्या नळी दुरुस्त करायला माणसं, परवा त्या माणसांसाठी वाट, आणि मग कोर्टात वहिवाट, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. गौरांगनं फोनवर समजावलं, की आपण परवानगी दिल्याचं लिहून ठेवलं तर हक्क लागत नाही. बाईंना उलट त्याचाच संशय आला. मागच्यांनी पोराला कुठं गाठलं, असं त्या मला विचारत होत्या. मी म्हणालो, काकू, अहो त्या बाईकडे तरी पाहा. त्यावर भाडं वेळेवर द्यायचं बघा, एवढंच म्हणाल्या.

रस्त्यावर खडी येऊन पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दाराशी उभी होती आणि रहीमभाई शकीलाला हातांवर उचलून आणत होते. तिनं ओढणीनं तोंड झाकून घेतलं होतं. बाई तुळशीला पाणी घालत होत्या. संध्याकाळी त्यांनी रहीमभाईंना बोलावलं.

“नळी टाका. पण वर्षातून एक दिवस मी ती बंद करीन. सव्वीस जानेवारीले. सकाळी बंद, दुसऱ्या दिवशी चालू. म्हणजे अखंड वापर होत नाही, अन् हक्क लागत नाही. एक वर्ष जरी हुकलं ना, तर वहिवाट झाली समजा.”

हा कायदा त्यांनी कुठून काढला देव जाणे. रहीमभाई लगेच कबूल झाले. सव्वीस जानेवारीच का, ते बाईंनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी कचेऱ्या बंद, म्हणजे तक्रार करायला जागा नाही, आणि मी घरी, म्हणजे साक्षीदार तयार. माझ्या सुट्टीची अशी वासलात लागली.

नळी पडली, रस्ता झाला. अंगणातल्या चेंबरमधून पाणी खळखळलं की बाई कान टवकारत. एवढं पाणी कशाचं? पाहुणे आणून ठेवले काय? पावसाचं तर नाही जोडलं? एकदा नळी ठरल्यापेक्षा मोठी टाकली असेल म्हणून झाकण काढून विती लावून बसल्या होत्या.

पहिली सव्वीस जानेवारी आली. बाईंनी चिंध्यांचा भलामोठा बोळा करून चेंबरमध्ये मागच्या नळीच्या तोंडात ठोसला आणि मला खाली बोलावून दाखवला. रहीमभाईंनी शकीलासाठी रिक्षा सांगून ठेवली होती, पण प्रभातफेऱ्यांमुळे रस्ते अडले आणि रिक्षा काही येईना. गजाला दोनदा नाक्यापर्यंत जाऊन आली. मागच्या दारात शकीला खुर्चीवर बसून होती, तोंड भिंतीकडे करून. मी बाईंना म्हणालो, काढा तो बोळा. मला आता फार राग आला होता. त्या म्हणाल्या, “बोळा नाही निघणार.” आणि मग मागं पाहून रहीमभाईंना म्हणाल्या, “इकडं आणा तिले. आमच्या ह्यांच्यासाठी संडासात बसवलेलं भांडं आहे, धरायले दांडाही आहे.”

त्या दिवशी शकीला संध्याकाळपर्यंत बाईंकडे होती. बाई तिच्यासमोरच बसून राहिल्या. घर पाहून ठेवते काय, अशी शंका त्यांनी मला जिन्यात बोलून दाखवली. चहा दिला तो वेगळ्या कपात. पण लकव्याच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हात कोणत्या तेलानं चोळायचा, हे बाईंना नवऱ्याच्या आजारपणात पाठ झालेलं. त्या बोलत सुटल्या. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी रिक्षा आलीच नाही, कारण कोणी सांगितलीच नव्हती. बाईंनी ते बरोबर ओळखलं. “मुद्दाम नाही सांगितली,” असं मला डोळे बारीक करून म्हणाल्या, पण शिऱ्यासाठी रवा आदल्या दिवशीच भाजून ठेवला होता. तिसऱ्या वर्षी वेगळा कप कुठला ते त्यांनाही आठवेना. शकीला नवी ओढणी घालून सकाळीच तयार असायची. वर्षाचे बाकीचे दिवस मात्र दोन्ही घरांचं जाणंयेणं नव्हतं. बाईंचा संशय जिथल्या तिथं होता, आणि शकीला बोलावल्याशिवाय येणाऱ्यांतली नव्हती.

पुढच्या दिवाळीनंतर शकीला गेली. दुसऱ्यांदा लकवा आला आणि दवाखान्यात नेईपर्यंतही अवधी मिळाला नाही. बाई मागच्या वाटेनं पहिल्यांदाच त्या घरी गेल्या, बायकांत बसल्या आणि परत आल्या.

सव्वीस जानेवारीला सकाळी मी खाली उतरलो. बाई ओसरीच्या पायरीवर बसलेल्या. रहीमभाई अंगणात आले, चेंबरपाशी थांबले.

“बाई, आज सव्वीस हाय. आमचं सगळ्यायचं आटोपलं. करून घ्या बंद.”

“आज नाही करत.”

“असं काहून? तुमीच म्हणत होत्या, एक वर्ष हुकलं तर वहिवाट होते.”

“होऊ द्या,” बाई म्हणाल्या. “बंद करून बसले, रहीमभाऊ, तरी आता येणार कोण?”

बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यांना ओसरीवर बसा म्हटलं. मागच्या घरातलं पाणी त्या दिवशी अंगणातून वाहत राहिलं, आणि ते कशाचं, हे बाईंनी विचारलं नाही.